धप्पा

गांगुर्डे अण्णांनी डीव्हीडी परत आणली,
काउंटरवर ठेवली, चष्मा पुसला
आणि म्हणाले, "रिजेक्ट."
तीस वर्षं नोटांच्या प्रेसमध्ये हाच शब्द,
ओल्या शाईच्या शीटवर वाकून;
केसाएवढी रेघ सरकली तरी हाच.
"माझा पोरगा ह्यात फणीसारखा दिसतो.
हवेत आहे तोवर दातेच दाते."

बिटकोमागच्या माझ्या गाळ्यात
टेप पुन्हा लावली, पंधरा वर्षं जुनी.
रंगपंचमी. जुन्या नाशकातली रहाड,
केशरी पाणी काठोकाठ,
आणि भास्कर, बावीस वर्षांचा, बनियनवर,
काठावरून धप्पा मारतोय.

खरंच, दाते होते.
लग्नसराईची घाई. मी सरळ दाबून लहान केलं होतं,
उशीच्या अभ्र्यात गोधडी कोंबावी तसं.

सांगितलं त्यांना: हा कॅमेरा
एका दमात चित्र काढत नाही.
आधी विषम ओळी, पाचशे चाळीस,
मग सेकंदाचा पन्नासावा भाग थांबून
सम, तेवढ्याच.
बसलेल्या माणसाला काही होत नाही,
पण उडी मारणारा विषम ओळींत जिथे असतो
सम ओळींत त्याच्या चार बोटं खाली.
दोघांना एकत्र चेपलं
की तो धड वरही नाही, खालीही नाही.
"मग आधी वेगळे करायचे ना," अण्णा म्हणाले,
जणू प्रेसमधल्या नव्या पोराला.

रात्री बसले.
गुंतलेली वेणी सोडवावी तशा ओळी सोडवल्या.
मधल्या फटी कॉम्प्युटरनं भरल्या,
शेजारच्या ओळींना विचारून.
सेकंदाला पन्नास भास्कर, सबंध.
एकेकाला लहान केलं
आणि मग पुन्हा ओळी वाटून दिल्या,
कारण अण्णांचा डबा टीव्ही अजून तसाच वाचतो,
एक सोडून एक.

पहिल्या खेपेला क्रम उलटा पडला.
भास्कर पडायचा, जरा वर यायचा, पुन्हा पडायचा,
पाण्याशी घासाघीस केल्यासारखा.
दीड वाजला होता. मी एकटीच हसले.
मालगाडीनं शटर थरथरवलं.
क्रम फिरवला.

उरले मागच्या गॅलरीचे आडवे गज,
बारीक. जुन्या पडद्यावर ते कुडकुडतात.
इलाज एकच, थोडं धूसर करायचं.
हात होत नाही लवकर.
एवढी टिपलेली धार आपणच बोटानं पुसायची,
गज थांबतील इतकी,
त्याचं नाक पुसलं जाणार नाही इतकीच.

शनिवारी अण्णा आले.
माझ्याकडच्या डबा टीव्हीला नाक टेकेल इतके जवळ बसले.
तीनदा पाहिलं.
"फटी कशानं भरल्या म्हणालात?"
"अंदाजानं."
"म्हणजे अर्धा पोरगा अंदाजाचा?"
मला उत्तर सुचेना.
त्यांनी चौथ्यांदा लावायला सांगितलं.
"फाटकी नोट अर्ध्याहून जास्त असली,
नंबर शाबूत असला,
तर बँक नाही म्हणत नाही," ते स्वतःशीच म्हणाले.
आणि मग, "पास."

बाहेर रिक्षाचा हॉर्न.
भास्कर, गुडघ्याला पट्टा, पोट सुटलेलं:
"अण्णा, चला ना, तीनचं भाडं आहे!"

"हवेत आहे तिथं थांबवता येईल?" अण्णांनी विचारलं.
थांबवलं की अर्ध्याच ओळी उरतील, मी म्हटलं,
चालू असेल तरच पुरता दिसतो.
"मग चालू द्या."

पाणी उसळतं,
एक केशरी थेंब थेट लेन्सवर येऊन बसतो.
तो काढायचा मी प्रयत्नही केला नव्हता.
पुन्हा हॉर्न.
अण्णांनी मागे न बघता हात वर केला,
थांब जरा, अशा अर्थी.